एका एकवीस आकडी संख्येचा ताळा

व्याख्यान म्हटले की बोलणे आलेच. आकाशवाणीवरच्या व्याख्यानात तर बोलण्यावाचून दुसरे काही नसतेच. तिथे फळा नाही, खडू नाही आणि समोर बसलेल्यांचे चेहरेही नाहीत. आणि तरीही आज मी आपल्याला ज्या व्याख्यानाची हकीकत सांगणार आहे, त्यात व्याख्यात्याने एक अक्षरही उच्चारले नाही, असे सांगतात. तो उठला, फळ्यापाशी गेला, दोन हिशेब मांडले आणि जागेवर येऊन बसला. तेवढ्यात अडीचशे वर्षांपूर्वीचे एका विद्वानाचे विधान कायमचे खोडले गेले.

ही गोष्ट ३१ ऑक्टोबर १९०३ ची. ठिकाण न्यूयॉर्क. अमेरिकेतल्या गणितज्ञांच्या संस्थेची सभा भरली होती. व्याख्यात्याचे नाव फ्रँक नेल्सन कोल आणि विषय मोठ्या संख्यांचे अवयव पाडणे. हा विषय ऐकून सामान्य माणूस म्हणेल, यात आपल्याला काय? पण जरा धीर धरा. या गोष्टीतला प्रश्न आपल्या शाळेच्या पटांगणावर आणि आपल्या खळ्यावरही भेटणारा आहे.

पटांगणावर कवायतीसाठी १२ मुले उभी केली, तर दोन-दोनांच्या सहा रांगा होतात किंवा तीन-तीनांच्या चार. पण मुले १३ असली, की गुरुजींची पंचाईत होते. सारख्या रांगा लावायच्या म्हटल्या तर एकच लांबलचक रांग लावावी लागते, नाहीतर एकेकाची एक अशा तेरा. १२ ही संयुक्त संख्या आणि १३ ही मूळ संख्या. स्वतः ती संख्या आणि १ यांखेरीज जिला कशानेही नि:शेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा अशी ही माळ पुढे जाते आणि ती कधीही संपत नाही, हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध करून ठेवले आहे.

लहान संख्या मूळ आहे की संयुक्त, हे पाचवीतला मुलगाही सांगेल. पण संख्या मोठी झाली म्हणजे काय करायचे?

बुद्धिबळाच्या पटावरची धान्याची गोष्ट आपण ऐकलीच असेल. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, असे प्रत्येक घरात दुप्पट दाणे मांडत जायचे. राजाला ही मागणी किरकोळ वाटते आणि अखेर राज्यातली सगळी कोठारे रिकामी झाली तरी पट भरत नाही. त्या पटावर ६४ घरे असतात. आता असे समजा, की पट तीन घरांनी वाढवून ६७ घरांचा केला आणि सगळ्या घरांतले दाणे एका ढिगात ओतले. त्या ढिगात किती दाणे असतील? याचा नियम सोपा आहे. तीन घरे असली तर एक, दोन आणि चार मिळून सात; म्हणजे तीन वेळा दोन घेऊन गुणिले तर आठ, त्यातून एक वजा. तसेच इथे दोनाला दोनाने गुणत ६७ दोन घ्यायचे आणि एक वजा करायचा. उत्तर येते:

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७

ही एकवीस आकडी संख्या म्हणजे आपल्या आजच्या गोष्टीची नायिका. प्रश्न एवढाच, की हा दाण्यांचा डोंगर सारख्या वाट्यांत वाटता येईल का? एकही दाणा शिल्लक राहता कामा नये आणि एकेका दाण्याचा एकेक वाटा अशी पळवाटही काढायची नाही.

हा प्रश्न आला कुठून, ते आता पाहू.

सतराव्या शतकात पॅरिसमध्ये मारिन मर्सेन नावाचा एक धर्मोपदेशक राहत असे. जन्म १५८८, मृत्यू १६४८. त्या काळी विज्ञानाची नियतकालिके नव्हती. शोध लागायचा तो पत्रांतून कळायचा. फर्मा, देकार्त अशा थोर माणसांशी मर्सेनचा पत्रव्यवहार असे. एकाचा प्रश्न दुसऱ्याला कळवावा आणि दुसऱ्याचे उत्तर तिसऱ्याकडे पाठवावे, असा त्याचा उद्योग. एका माणसाने जणू सगळ्या युरोपचे टपाल चालवले म्हणा ना!

मर्सेनला गोडी होती ती आपल्या ढिगासारख्याच संख्यांची, म्हणजे दोनाच्या घातातून एक वजा केला की येणाऱ्या संख्यांची. त्याला कारणही होते. सहा या संख्येला १, २ आणि ३ यांनी भाग जातो आणि या तिघांची बेरीजही सहाच. अठ्ठावीसला १, २, ४, ७ आणि १४ यांनी भाग जातो, त्यांची बेरीज पुन्हा अठ्ठावीस. अशा संख्यांना प्राचीन ग्रीक लोक परिपूर्ण संख्या म्हणत. दोनाच्या घातातून एक वजा करून मूळ संख्या मिळाली, तर तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या तयार करता येते, हेही युक्लिडनेच दाखवले होते. तेव्हा अशी प्रत्येक मूळ संख्या म्हणजे एका खजिन्याची किल्ली होती.

तीन दोनांचा गुणाकार उणे एक म्हणजे ७. पाच दोनांचा घेतला तर ३१. सात दोनांचा घेतला तर १२७. तिन्ही मूळ संख्या. इथे माणूस फसतो. त्याला वाटते, दोनाचा घात मूळ संख्येइतका घेतला की उत्तर मूळच येणार. पण अकरा दोन घ्या: २०४८ उणे एक, २०४७. आणि हे २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९! हे १५३६ सालीच उघडकीला आले होते. म्हणजे नुसत्या अंदाजावर भरवसा ठेवण्याची सोय नाही, प्रत्येक संख्या स्वतंत्रपणे तपासली पाहिजे.

१६४४ साली मर्सेनने आपल्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक यादी दिली. त्याने सांगितले, की घात २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ असेल तर येणारी संख्या मूळ असते आणि २५७ पर्यंतच्या बाकी कोणत्याही घाताला ती मूळ नसते. या यादीत ६७ आहे, हे ध्यानात ठेवा. म्हणजे मर्सेनच्या म्हणण्याप्रमाणे आपल्या ढिगाचे सारखे वाटे होणे अशक्य. पण त्याने याचा पुरावा दिला नाही. आणि गंमत अशी, की पंधरा-वीस आकडी संख्या मूळ आहे की नाही हे तपासायला सगळा काळही पुरणार नाही, असे त्याच मर्सेनने त्याच ठिकाणी लिहून ठेवले आहे.

तरी यादी टिकली. विद्वानाने लिहिली, ग्रंथात छापली गेली, एका ग्रंथातून दुसऱ्यात उतरली. खोटी ठरवायची तर तपासायला हवी, आणि तपासायची तर आयुष्य हवे. १७७२ साली ऑयलर या थोर गणितज्ञाने यादीतली ३१ घाताची संख्या, २१४७४८३६४७, खरोखरच मूळ असल्याचे दाखवले. म्हणजे मर्सेन तिथे बरोबर होता. त्यामुळे उरलेल्या यादीवरचा विश्वास वाढलाच असेल, नाही का? एक नाणे खरे निघाले की माणूस सगळी थैली खरी मानतो.

त्यानंतर शंभर वर्षांनी एद्वार ल्यूका हा फ्रेंच गणितज्ञ पुढे आला. हा शाळेत गणित शिकवणारा माणूस होता. शिक्षकबंधूंनी हे नाव आवर्जून लक्षात ठेवावे. १८७६ साली त्याने सांगितले, की १२७ घाताची संख्या मूळ आहे. ही संख्या ३९ आकडी. आणि ६७ घाताची? ती मूळ नाही! मर्सेनचे विधान चुकीचे!

मग लोकांनी विचारले असेल, की बाबा रे, मूळ नाही तर तिचे अवयव कोणते, ते सांग. ते ल्यूकापाशी नव्हते. ढिगाचे सारखे वाटे होतात, हे तो खात्रीने सांगत होता. किती वाटे होतात, ते मात्र त्याला सांगता येत नव्हते.

हे प्रथम चमत्कारिक वाटते, पण दुकानदाराला यात नवल वाटणार नाही. संध्याकाळी रोजमेळ मांडला आणि शिल्लक जुळली नाही, म्हणजे दिवसभरात कुठेतरी चूक झाली एवढे नक्की होते. कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत, ते मात्र रात्र जागून शोधावे लागते. ल्यूकाची कसोटी अशीच होती. १९३० साली लेमर या अमेरिकन गणितज्ञाने ती आणखी सुटसुटीत केली. ती इतकी सोपी आहे, की इथेच करून पाहू. ३१ ही संख्या घेऊ. तिचा घात ५. चारापासून सुरुवात करायची. चाराचा वर्ग सोळा, त्यातून दोन वजा, चौदा. चौदाचा वर्ग १९६, उणे दोन, १९४. त्याला ३१ ने भागले तर बाकी ८. आठाचा वर्ग ६४, उणे दोन, ६२. त्याला ३१ ने भागले तर बाकी शून्य. घात पाच असेल तर ही कृती तीनदा करायची, म्हणजे घातापेक्षा दोन वेळा कमी. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, न आली तर संयुक्त. कुठेही अवयव शोधावा लागत नाही. ६७ घाताच्या संख्येला हीच कृती ६५ वेळा करावी लागते, आणि शेवटी बाकी शून्य येत नाही. रोजमेळ जुळत नाही.

चूक आहे, हे कळले. चुकीची ओळ मात्र सत्तावीस वर्षे कोणालाही सापडली नाही. ती शोधायला बसला तो फ्रँक नेल्सन कोल.

कोल १८६१ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स संस्थानात जन्मला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तो प्राध्यापक होता आणि गणितज्ञांच्या संस्थेचा चिटणीसही होता. चिटणीस म्हणजे काय, हे ज्यांनी एखादी सहकारी सोसायटी किंवा वाचनालय चालवले आहे, त्यांना सांगायला नको. आठवडाभर अध्यापन, पत्रे, सभांची टिपणे. उरला रविवार.

अवयव शोधण्याचे काम किती मोठे, याचा अंदाज घ्या. एक-एक संख्या घेऊन भाग जातो का पाहायचे, तर जन्म सरेल. सुदैवाने फर्माने एक नियम सांगून ठेवला होता. ६७ घाताच्या संख्येचा कोणताही मूळ अवयव १३४ च्या पाढ्यातल्या संख्येहून एकाने जास्त असतो. हा १३४ म्हणजे ६७ ची दुप्पट. मघाच्या २०४७ वर ताडून पाहा: घात अकरा, त्याची दुप्पट बावीस, २३ म्हणजे बावीस अधिक एक आणि ८९ म्हणजे बावीस चोक अठ्ठ्याऐंशी अधिक एक. शिवाय आणखी एक नियम आहे, की अशा अवयवाला आठाने भागले तर बाकी १ किंवा ७ च उरते. या दोन नियमांनी पुष्कळ गाळ निघून जातो.

तरी किती उरतो? कोलला शेवटी जो लहान अवयव सापडला, तो १३४ च्या पाढ्यातला १४,४५,५८० वा! आठाच्या नियमाने त्यातले निम्मे गळतात. तीन, पाच, सात यांनी भाग जाणारे काढून टाकले, तरी सव्वातीन लाखांहून अधिक भागाकार उरतात. एकेका भागाकाराला दहा मिनिटे धरली आणि सुट्टी न घेता रोज आठ तास काम केले, तर सुमारे एकोणीस वर्षे लागतील. आणि एवढे करून मध्येच एक हातचा चुकला, तर खरा अवयव समोरून निघून जाईल आणि कळणारही नाही.

कोलने हा रस्ता घेतला नाही. त्याने वर्गसंख्यांचा आधार घेतला. दिलेल्या संख्येचा निरनिराळ्या वर्गांशी कसा संबंध लागतो हे पाहून, कोणत्या प्रकारचे अवयव असणे शक्यच नाही ते तो ठरवत गेला आणि शोधाचे रान लहान लहान करत गेला. वर्गांच्या मदतीने अवयव शोधण्याची कल्पना आपल्याकडेही जुनी आहे. नारायण पंडिताच्या गणितकौमुदी या १३५६ सालच्या संस्कृत ग्रंथात ती आली आहे. तिचे साधे रूप असे: ९१ चे अवयव हवे आहेत. त्यात ९ मिळवले की १०० होतात. नऊ हा तिनाचा वर्ग आणि शंभर हा दहाचा. मग दहा अधिक तीन, तेरा. दहा उणे तीन, सात. तेरा साते एक्याण्णव! फर्मानेही पुढे सतराव्या शतकात हीच वाट धरली. कोलची रीत यापेक्षा पुष्कळ गुंतागुंतीची, पण ओढा तोच: आंधळेपणाने भागत बसण्यापेक्षा वर्गांना कामाला लावणे.

आता आपण पुन्हा त्या सभेत येऊ. एरिक टेंपल बेल या गणितज्ञ लेखकाने १९५१ च्या आपल्या पुस्तकात तिचे वर्णन केले आहे. कोलचे नाव पुकारले गेले. तो फळ्यापाशी गेला आणि काही न बोलता त्याने दोनाचा ६७ वा घात हाताने काढला. त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागाकडे सरकून त्याने दोन संख्या लिहिल्या आणि शाळेत शिकवतात तसा, ओळीखाली ओळ मांडत, त्यांचा गुणाकार केला:

१९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७

उत्तर आले १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. फळ्याच्या दोन्ही बाजूंना एकच संख्या. कोल जागेवर जाऊन बसला. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. कोणीही प्रश्न विचारला नाही. विचारणार तरी काय? पुढे १९११ साली आपण कोलला या कामाला किती काळ लागला ते विचारले आणि तीन वर्षांतले रविवार, असे उत्तर मिळाले, असेही बेलने नोंदवले आहे.

वाचकहो, इथे मला एक मुद्दा तुमच्यापुढे ठेवायचा आहे. कोल एक शब्दही बोलला नाही, ही गोष्ट आपण बेलच्या शब्दावर मानतो. बेल मोठा रंगतदार लेखक होता आणि त्याने हे लिहिले ते सभेनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. गोष्ट सांगताना थोडे मीठमसाला पडलेच नसेल, असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. पण फळ्यावरचा गुणाकार? तो मानायला बेलची साक्ष लागत नाही, कोलची लागत नाही, माझीही लागत नाही. तो तुमच्या पाटीवर होतो.

शिक्षकांनी वर्गात तो अवश्य करून पाहावा. आधी आपला जुना नवाचा ताळा. पहिल्या संख्येतल्या आकड्यांची बेरीज ३७. तीन आणि सात दहा. एक आणि शून्य एक. दुसरीतल्या आकड्यांची बेरीज ६४, सहा आणि चार दहा, पुन्हा एक. एक गुणिले एक, एक. आता उत्तरातल्या एकवीस आकड्यांची बेरीज करा: १०९, एक, शून्य आणि नऊ दहा, म्हणजे पुन्हा एक. ताळा जमला!

पण मुलांना हेही सांगा, की ताळा जमला म्हणजे उत्तर बरोबरच असते असे नाही. दोन आकड्यांची अदलाबदल झाली, तर नवाच्या ताळ्याला ती कळत नाही. ताळा चुकला तर चूक नक्की. ताळा जमला तर फक्त संशय कमी झाला. पूर्ण खात्री हवी असेल, तर पूर्ण गुणाकारच केला पाहिजे. मोठ्या संख्येला लहान संख्येने गुणायचे. शून्याची ओळ सोडली तर आठच ओळी होतात. मग दुसऱ्या पाटीवर एकापासून दुपटी करत सदुसष्ट पायऱ्या चढायच्या आणि शेवटी एक वजा करायचा. तासाभराचे काम आहे. तीन वर्षांचे रविवार ज्याला लागले, ते तपासायला सातवीच्या वर्गाला एक तास पुरतो. म्हणजे आपला ढीग खरोखर वाटता येतो: १९ कोटी ३७ लाख ७ हजार ७२१ सारखे वाटे, प्रत्येक वाट्यात ७६,१८३ कोटी ८२ लाख ५७ हजार २८७ दाणे, आणि शिल्लक शून्य.

मर्सेनच्या यादीचे पुढे काय झाले? २५७ चा घातही चुकीचा निघाला. उलट ६१, ८९ आणि १०७ हे तीन घात यादीत असायला हवे होते, ते त्याने गाळले होते. ६१ चा शोध १८८३ साली रशियातल्या पेर्वुशिन नावाच्या धर्मोपदेशकाने लावला. ८९ आणि १०७ हे पॉवर्स या अमेरिकनाने १९११ आणि १९१४ साली पुढे आणले. सगळी यादी तपासून संपायला १९४७ साल उजाडले. म्हणजे मर्सेनच्या पाच चुका दुरुस्त व्हायला तीनशे वर्षे लागली. तरीही या जातीच्या मूळ संख्यांना आजही मर्सेनचेच नाव आहे, आणि ते योग्यही आहे. प्रश्न त्याने लोकांपुढे ठेवला. चुकला तरी त्याने लोकांना कामाला लावले.

आता हे काम संगणक करतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये १३,६२,७९,८४१ घाताची मर्सेन मूळ संख्या जाहीर झाली. तिचे आकडे चार कोटींहून अधिक आहेत, आणि तोपर्यंत ठाऊक असलेल्या मूळ संख्यांत ती सर्वांत मोठी होती. तिची कसोटीही ल्यूकाच्याच रीतीवर उभी आहे. कोलच्या संख्येचे अवयव तर साधा संगणक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सांगतो. पण गुणाकार सोपा आणि अवयव शोधणे अवघड, ही गोष्ट काही बदललेली नाही. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी याच अडचणीपासून गुप्त संदेशाचे कुलूप बनवले: कुलपाचा आकडा सर्वांना दिसतो, किल्ली मात्र त्याचे अवयव ज्याला ठाऊक त्याच्याकडेच. २०२० साली अशा एका २५० आकडी संख्येचे अवयव पाडले, तेव्हा हजारो संगणकांची शक्ती एकत्र लावावी लागली. कोलचे रविवार वाया गेले असे म्हणणाऱ्याला हे उत्तर पुरे आहे.

चिटणीसपदावरून कोल निवृत्त झाला, तेव्हा सहकाऱ्यांनी त्याला थैली अर्पण केली. ती त्याने संस्थेलाच परत दिली आणि तिच्यातून त्याच्या नावाचे पारितोषिक सुरू झाले. संख्या-सिद्धांतातले हे कोल पारितोषिक २०११ साली ज्या दोघांना मिळाले, त्यांतले एक चंद्रशेखर खरे. त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले आहे. न्यूयॉर्कच्या त्या फळ्यापासून मुंबई अशी फार लांब नाही!

शेवटी माझी स्वतःची एक कबुली. नोकरीच्या पहिल्या वर्षात एक मुलगा वही घेऊन माझ्याकडे आला. त्याचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या उत्तराशी जुळत नव्हते. मी घाईत होतो. म्हटले, "अरे, पुस्तक चुकत नसते. पुन्हा कर." त्याने पुन्हा केले, तिसऱ्यांदा केले. पुढच्या आठवड्यात वह्या तपासताना पाहिले, तर त्याने मधल्या दोन पायऱ्या वाकवून पुस्तकातले उत्तर आणले होते. मी गणित स्वतः सोडवले. पुस्तक चुकले होते, मुलगा पहिल्याच वेळी बरोबर होता. दुसऱ्या दिवशी मी वर्गात ते सांगितले, फळ्यावर मांडूनही दाखवले. पण वहीतल्या त्या वाकवलेल्या दोन पायऱ्या अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. त्या मुलाने वाकवल्या नव्हत्या. मी वाकवायला लावल्या होत्या.

मर्सेन विद्वान होता, प्रामाणिक होता, आणि चुकला. ग्रंथ चुकतात, आम्ही प्राध्यापक चुकतो, यात कमीपणा नाही. पण विचारणाऱ्याला पाटी-पेन्सिल न देता गप्प बसवणे, हा मात्र गुन्हा आहे. तेव्हा गुरुजी, उद्या एखादे पोर उठून म्हणाले, की पुस्तकातले उत्तर चुकीचे आहे, तर त्याला रागावू नका. खडू त्याच्या हाती द्या आणि म्हणा, "ये, मांडून दाखव." आणि तुम्ही बाकावर बसून ताळा पाहा.